न उडालेल्या विमानाचा रंग

प्लास्टिकची विमानं चिकटवणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टींचा ढीग लागतो: न उघडलेल्या किटचे डबे आणि किस्से. डबे निदान कपाटावर तरी ठेवता येतात. किस्से कुठे ठेवणार? मग भेटेल त्याला धरून सांगायचे. आज तुम्ही सापडलात!

आमचं मंडळ जळगावात, पिंप्राळ्याला, नानांच्या गच्चीवरच्या खोलीत भरतं. रविवारी सकाळी. सभासद तीनच. नाना म्हणजे निवृत्त फिटर, लोखंडाशी आयुष्य काढलेला सहा फुटी माणूस. दुसरे सोनवणे सर, धुळ्याला शाळेत गणित शिकवतात आणि बसने येतात. तिसरा मी, विम्याच्या ऑफिसात. अक्का, म्हणजे नानांच्या मिसेस, सभासद नाहीत. त्या फक्त मंडळ चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवतात.

\*

सरांबद्दल आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सरांकडे प्रत्येक विमानाची फाईल आहे. एकदा मी तीन महिने खपून एक लढाऊ विमान केलं. सरांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "सुधीर, हा हिरवा पावसाळ्यानंतर लावायला लागले. तुझं विमान तर उन्हाळ्यातच पडलं!"

म्हणजे माझं विमान पडल्यावर त्याला कोणीतरी रंग दिला होता.

दर वर्षी जानेवारीत सर धुळ्याला शाळेच्या हॉलमध्ये मॉडेल्सचं प्रदर्शन भरवतात. नाशिक-भुसावळहून लोक येतात. परीक्षक एकच, स्वतः सर. जोडणीला दहा, सफाईला दहा, रंगाला दहा. मैत्री वगैरे सगळी हॉलच्या बाहेर, चपलांजवळ ठेवायची!

नाना आठ वर्षं तिथं जातायत. जोडणीत दहा, सफाईत दहा आणि रंगात कधी दोन, कधी भोपळा. एकदाही सर्टिफिकेट नाही. फ्रेम मात्र आणून ठेवलीय. रिकामी, काचेसकट, टीव्हीच्या वर.

\*

एका रविवारी नानांच्या चिमट्यातून विमानाचा दिवा उडाला. दिवा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा पारदर्शक तुकडा. आम्ही तिघं फरशीवर पालथे पडून शोधायला लागलो. तेवढ्यात पारोळ्याहून नानांचे साडू लग्नाची पत्रिका घेऊन आले.

सगळे जमिनीला नाक लावून बसलेले बघून बिचारे काही विचारायलाही थांबले नाहीत. पत्रिका टेबलावर ठेवली, पँट वर ओढली आणि तेही रांगायला लागले. अर्धा तास! कोपऱ्यातली धूळ ओल्या फडक्याने टिपून घेतली, ती बशीत घेऊन उन्हात पाहिली. शेवटी घाम पुसत म्हणाले, "अक्काची नथ मोठी होती का हो?"

नाना म्हणाले, "नथ नाही, विमानाचा दिवा. एवढुसा, काचेसारखा."

"तो? तो ते मी मंगाशीच खिडकीमाईन फेकी दिन्हा! माले वाटनं कचरा शे."

त्या लग्नाला नाना गेले, पण जेवले नाहीत.

\*

मे महिन्यातला जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. गोंद ब्रशवरच वाळतो. अशा दिवसांत नानांनी रंगवलेले दोन पंख वाळायला गच्चीवर, अक्कांनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातले होते त्याच खाटेवर ठेवले. चार वाजता जाऊन बघतात तो पंखांचे द्रोण झालेले!

अक्कांचं माहेर दोंडाईचा. चिडल्या की त्या थेट माहेरच्या भाषेत येतात. म्हणाल्या, "मना बिबडा बठ्ठा सरळ शेतस. तुम्हनंच इमान कसं वाकडं व्हयनं?"

दुसऱ्या दिवशी खाटेवर नानांची चिठ्ठी होती, "पंखांसाठी राखीव." त्यावर अक्कांनी कुरडया घातल्या होत्या.

\*

आता एक गोष्ट सांगतो, ती सरांना माहीत नव्हती. मलाही बरीच वर्षं नव्हती.

नाना तरुणपणी एअर फोर्सच्या भरतीला गेले होते. पळण्यात पास, लेखी पास. मग का नाही घेतलं? तर नाना सांगायचे, "उंची कमी पडली." हे सांगून उठले की त्यांचं डोकं आमच्या खोलीच्या चौकटीला लागायचं. आम्ही कधी खोलात गेलो नाही.

एकदा मी त्यांच्या रंगांच्या खोक्यातून हिरवी बाटली मागितली. नानांनी अख्खं खोकंच पुढे सरकवलं, "घे ना तुझ्या हाताने." बघतो तर बाटल्यांवर अक्कांच्या अक्षरात लेबलं: मेथी. गूळ. चिंच. वांगं. पिठलं.

चहाचे कप ठेवायला खाली गेलो तेव्हा अक्कांना विचारलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"त्यांना हिरवा आणि तपकिरी एकच दिसतो, भाऊ. लाल न् काळपट एकच. गुलाबी न् राखोडी एकच. भरतीत डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. ठिपक्यांत आकडा असतो म्हणे. यांना नुसते ठिपके दिसले." मग म्हणाल्या, "कोणाला सांगू नका. विमानात बसायचं राहिलं, निदान करू तरी द्या."

मला फार वाईट वाटलं. त्यात मी मागच्याच वर्षी नानांच्या एका विमानाला हसलो होतो. अक्का पंधरा दिवस माहेरी होत्या, बाटल्या सांडून लेबलं धुतली गेली आणि नानांनी हिरव्याच्या जागी तपकिरी, तपकिरीच्या जागी हिरवा लावला. सरांनी विचारलं, "हे काय?" तर नाना म्हणाले, "लाईट गेली होती हो!"

सरांनी शून्य दिलं होतं.

\*

मग ते जेट आलं.

हे जेट म्हणजे महायुद्ध संपता संपता कुणा जर्मन इंजिनियरने कागदावर काढलेलं विमान. ना कारखाना, ना धावपट्टी. युद्ध संपलं, कागद तेवढा राहिला. पण किट बनवणाऱ्यांनी त्याचंही किट काढलं! नानांनी ते कुठून मागवलं देव जाणे.

डबा घेऊन येताना समोरच्या आबांनी त्यांना गेटवर गाठलं. "इमान उडस का?"

"नाही आबा, मॉडेल आहे. नुसतं ठेवायचं."

"मंग खरं तरी उडे ना?"

"नाही. तेही कधी उडलं नाही. बनलंच नाही."

आबांनी डबा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "अक्काले सांगेल शे का?"

जोडणी नानांनी झकास केली. एकच अडचण आली. पुढे वजन घालायचं राहिलं, म्हणून जेट शेपटीवर बसायला लागलं. नाक वर, एखाद्या मांजरासारखं. त्याच आठवड्यात नानांनी माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला स्वतःहून ग्रीस भरून दिलं. मी म्हटलं, किती जीव आहे माणसाचा आपल्यावर! जेट तेव्हापासून, नाकात बेअरिंगचे दोन छर्रे घेऊन, तीन चाकांवर सरळ उभं आहे. स्कूटर डावीकडे ओढते.

रंगाची वेळ आली तेव्हा नानांनी सगळ्या बाटल्यांची लेबलं स्वतः खरवडून काढली. अक्का म्हणाल्या, "अहो, राहू द्या की मेथी तेवढी!"

"नको. हे एकच विमान आहे ज्याचा रंग कोणाला माहीत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी रंगवणार."

महिनाभर खोलीला कडी. आम्हालाही प्रवेश नाही.

\*

जानेवारीत नाना, अक्का आणि मी धुळ्याला गेलो. हॉल भरलेला. नानांनी टेबलावर जेट ठेवलं आणि वरचा रुमाल काढला.

गुलाबी! साधासुधा नाही, लग्नात नवरीची मावशी नेसते तसला राणी कलर, नाकापासून शेपटीपर्यंत. काम मात्र असं स्वच्छ की ब्रशचा एक ओरखडा दिसेल तर शपथ. नाना पाठीमागे हात बांधून ताठ उभे. अक्कांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

सरांनी भिंग लावलं. जोडणी, दहा. सफाई, दहा. मग फाईल उघडली, मिटली, परत उघडली.

"नाना, या रंगाला आधार काय?"

"तुम्हीच सांगा, सर. चूक असेल तर फोटो दाखवा."

"फोटो नाही. विमानच नव्हतं."

"मग?"

सर गणिताचे. फळ्यासमोर उभे राहावेत तसे दोन मिनिटं उभे राहिले. "चूक सिद्ध करता येत नाही," असं पुटपुटले आणि दहा लिहिले! तीसपैकी तीस. प्रदर्शनात आजवर कोणालाच मिळाले नव्हते.

मॉडेलपुढे कार्ड ठेवायची पद्धत आहे. सरांनी पेन काढलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. "रंग काय लिहू, नाना?"

नाना छाती काढून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "राखोडी!"

पेन थांबलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी जेटकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग अक्कांकडे.

अक्का म्हणाल्या, "राखोडीच शे, सर. लिखा."

सरांनी चष्मा पुसला. कार्डावर ठळक, सुवाच्य अक्षरात 'राखोडी' लिहिलं, ते जेटपुढे नीट उभं केलं आणि मागे वळून त्या हसणाऱ्याला म्हणाले, "का हो? तुमच्याकडे फोटो आहे का?"