पोहेवाला बुरा मानत नाही

"किसका खोलूं, सर?" कॉम्प्युटरवर बसलेल्या मॅडमनी विचारलं.

पालकसभा होती. मुलंपण सोबत. भिंतीवर मोठा पडदा. प्रिन्सिपल सर सांगत होते, मुलांच्या फाइली आता क्लाउडवर गेल्या. कपाट नाही, उंदीर नाही, एकदम सुरक्षित. मॅडमनी पहिलं नाव दाबलं, ते माधव नगरच्या वकील साहेबांच्या मुलाचं निघालं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "बच्चे का पर्सनल है, मॅडम. बंद करो." लगेच बंद. सरांनी माफीपण मागितली.

मग सरांची नजर हॉलभर फिरून माझ्यावर थांबली. हसले. "अपने पोहेवाले भैया का खोल दो. वो बुरा नहीं मानते."

मी हात जोडून उभा राहिलो. मान झुकवली. जसं काही हारच घालणार होते.

टावर चौकात ठेला आहे माझा. पोहे लोक घरीपण खाऊ शकतात. माझ्याकडे येतात फालतू गप्पा ऐकायला. मी माझीच मजाक करतो. माझं टक्कल, माझं नाक, माझा अंगूठा. शाळेत मी एकदाच गेलो होतो, भिंत रंगवायला. लोक हसतात, परत येतात. बाप माझा खानदेशातून इथे स्टेशनवर हमाली करायला आला, तो हसायचा नाही. मी ठरवलं, आपण हसवू.

पडद्यावर माझ्या नमूचा फोटो आला. चौथीत आहे. दोन वेण्या. खाली काहीतरी लिहिलेलं. पुढच्या रांगेत कोणी फिसकन हसलं. मग दोघं. मग सगळा हॉल. मला एक अक्षर कळलं नाही. पण लोक हसले की मला हसायची सवय. मी हसलो. सगळ्यात जोरात.

नमूनं माझा शर्ट ओढला.

"बाबा, हसू नका ना."

ती वाचत होती. तिला येतं वाचता.

घरी आल्यावर विचारलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. पाठ झालं होतं तिला. "बच्ची बिस्तर गीला करती है. मां को दिमागी बीमारी, मायके में है. पिता का कहना है, हमारे घर तो रोज क्षिप्रा बहती है."

पिता का कहना है. खरंच मीच म्हटलं होतं. क्षिप्रा आमच्या गावची नदी. ॲडमिशनच्या वेळी, बंद खोलीत, याच मॅडमना. सांगायचं एवढंच होतं की आई माहेरी गेल्यापासून पोरीला असं होतं, कधी वर्गातपण होतं, उठून जाऊ द्या. सरळ सांगायला जमेना. म्हणून मजाक केली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "ये बात हमारे बीच रहेगी." मग मोबाइल पुढे केला, मंजुरीचं हिरवं बटण दाबा. दाबलं.

पडद्याचा फोटो कोणीतरी काढला होता. पालकांच्या ग्रुपवर फिरला. वर्गात नमूचं नाव पडलं क्षिप्रा. पोरं विचारतात, आज कौनसा घाट खुला है. तिनं शाळेत पाणी पिणं सोडलं. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच भरलेली परत येते. ओठ फुटलेत पोरीचे.

आठ दिवसांनी वकील साहेब ठेल्यावर आले. "क्यों भैया, क्षिप्रा में पानी कैसा है?"

गिऱ्हाईक हसले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. असतंच नेहमी. तेवढ्यात बाटली आठवली. मी साहेबांच्या हातातून प्लेट काढून घेतली. शेव टाकायची बाकी होती. गॅस बंद केला आणि शाळेत गेलो.

सर म्हणाले, "आपने ही तो बटन दबाया था."

"बटन दबाया था सर, ढिंढोरा पीटने को नहीं बोला था."

"अब क्लाउड में है. कंपनी का सिस्टम है, टाइम लगेगा."

"वकील साहब का बंद करने को तो कंपनी से नहीं पूछा था."

मॅडम फाइल चाळत राहिल्या, मान वर नाही केली. मग सर हसले, पडद्यासमोर हसले होते तसेच. "अरे भैया, आप तो मजाकिया आदमी हो."

या वेळी मी नाही हसलो. पहिल्यांदाच. गाल दुखले.

रात्री नमूनं अर्ज लिहिला. मी बोललो, तिनं लिहिलं. ती ओळ काढा. ग्रुपवरचा फोटो काढायला लावा. माझ्या पोरीची फाइल कोणी कोणी उघडली, ते लिहून द्या. पुढे कोण उघडू शकेल, तेपण. खाली मी अंगूठा लावला. लावायच्या आधी दोनदा वाचून घेतलं.

आता रोज ठेला आवरला की सरांच्या केबिनबाहेर बाकावर जाऊन बसतो. शाळेनं नवीन फॉर्म काढलाय, परत तेच हिरवं बटण. सगळ्यांनी दाबलं. मी हात खिशात ठेवले.

काल सर दारात येऊन म्हणाले, "भैया, छोटी सी बात है. कब तक बैठोगे?"

बाटली अजून भरलेलीच परत येते.

मी म्हटलं, "सर, मैं बुरा मान गया हूं. लिखकर दोगे, तब उठूंगा."