फिकट पेंड, काळा ठिपका

तेलाच्या गिरणीत सगळे त्याला नाकोबा म्हणत. त्यात चेष्टा जेमतेम निम्मी. उरलेली निम्मी धास्ती. सोयाबीनचं तेल निघाल्यावर मागे उरते ती पेंड, आणि ती पेंड कुणाच्या दारी जायची हे त्याचं नाक ठरवत असे.

गिरणीची भट्टी जुनी आणि लहरी. एकाच दिवसाची पेंड कधी कच्ची निघे, कधी छान भाजली जाई, कधी करपे. नाकोबा फाटकाजवळच्या स्टुलावर बसून पोत्यात पोकळ सळई खुपसायचा, मूठभर पेंड काढायचा, डोळे मिटून हुंगायचा. कच्च्या शेंगेचा हिरवट वास आला की पोत्यावर निळा ठिपका. हा माल प्लायवूडच्या कारखान्यात जाई, तिथे त्याचा गोंद शिजे. जास्त भाजलेल्या पेंडीचा गोंद लाकूड धरत नाही. खमंग वास आला की हिरवा ठिपका, म्हणजे गुरांचा माल. कच्ची पेंड गुरांना सोसत नाही. करपट किंवा कुबट वास आला की काळा, म्हणजे खत. गिरणीत प्रयोगशाळाही होती, पण तिचा निकाल लागेपर्यंत ट्रक पोचून रिकामा झालेला असे, म्हणून तो कुणी उघडूनही बघत नसे.

मग त्याला एकदा जबर सर्दी झाली. सर्दी आठवड्याने गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

हे आधी बायकोच्या लक्षात आलं. दूध गॅसवर ठेवून ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली होती. खाली आली तर घरभर करपल्याचा वास, आणि नवरा गॅसकडे पाठ करून निवांत पेपर वाचतोय.

"अहो, दूध जळालं की!"

"हो का?"

"हो का काय? चेहऱ्यावर नाक आहे का भोपळा?"

त्याने पेपरची नीट घडी घातली. "भोपळाच झालाय," तो म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. चिठ्ठीवर मात्र त्यांनी औषध लिहिलं, कदाचित लिहिलं नाही.

निवृत्तीला चार वर्षं होती, आणि नाकाशिवायच्या नाकोबाला गिरणीत कोण विचारणार? त्याने डोळ्यांवर भागवायचं ठरवलं. भाजलेली पेंड तांबूस दिसते, करपलेली काळपट. तिथे अडलं नाही. पण फिकट पेंड कच्ची की कुबट, हे डोळ्यांना सांगता येईना. तेव्हा तो पूर्वीसारखेच डोळे मिटायचा, पूर्वीपेक्षा अंमळ जास्त वेळ हुंगायचा आणि काळा ठिपका ठेवून द्यायचा. गाय आजारी पडते, गोंद सुटतो. जमीन मात्र कधी तक्रार घेऊन फाटकावर येत नाही.

मुख्य कार्यालयातून अधूनमधून एक अहवाल निघत असे: कोणता भाग पेंडीचं काय करतो. किनाऱ्याकडे तिने कागदाला झिलई देतात, उत्तरेकडे ती आग विझवायच्या फेसात जाते, वगैरे. यंदाच्या अहवालात नाकोबाच्या भागाला स्वतंत्र परिच्छेद मिळाला. इथे गोंद झपाट्याने मागे पडून खताची चलती झाली होती. कारणं तीन: शेतकऱ्यांत आलेली जागृती, लोखंडी कपाटांची आवड आणि नव्या पिढीचा लाकडाशी तुटलेला संबंध. गिरणीतल्या फलकावर तो परिच्छेद तक्त्यासकट लावला होता; नाकोबाने तो उभ्याउभ्या वाचला. कारणं इतकी मुद्देसूद होती की क्षणभर त्यालाही पटली. शिवाय खताच्या भावात गोंदाचा उत्तम माल मिळू लागल्यावर भाजीवाल्या शेतकऱ्यांनी खरोखरच रांग लावली होती. म्हणजे अहवाल खोटा म्हणायचीही सोय उरली नव्हती.

रविवारी लेक-जावई आले. जावई त्याच प्लायवूडच्या कारखान्यात गोंद शिजवायचा. आल्यापासून तो गप्प होता.

"काय हो जावईबापू, गोंद तोंडात धरलाय का?" सासूने विचारलं.

"गोंदच राहिला नाही, मामी. मामा, तुमच्याकडून निळं पोतं येईनासं झालंय. मालक म्हणतात, त्या भागाचा कलच बदललाय. पुढच्या महिन्यापासून रसायनाचा गोंद आणणार."

"मग तू?" नाकोबाने विचारलं.

"त्या गोंदाला शिजवणारा लागत नाही, मामा. डबा उघडणारा लागतो. तो आहे त्यांच्याकडे."

"बाबा," लेक म्हणाली, "खरंच कच्ची पेंड निघत नाही का हो आता?"

नाकोबाने बायकोकडे पाहिलं. ती उठली, खुंटीवरचा त्याचा कालचा सदरा काढून नाकाशी धरला आणि परत टांगला.

"कच्च्या शेंगांचा वास येतोय," ती म्हणाली. "कित्येक महिने येतोय. मी आपली धुते नि गप्प बसते. पण आता नाही बसवत."

सोमवारी नवरा-बायको दोघंही मॅनेजरच्या खोलीत उभी होती.

"साहेब, माझा वास गेलाय."

"कुठे गेलाय?"

"गेलाय म्हणजे, येत नाही."

"कधीपासून?"

"फलकावरच्या तक्त्यात खताची रेघ वर चढायला लागते ना," नाकोबा म्हणाला, "तिथपासून."

मॅनेजरने दारातून त्या तक्त्याकडे एक नजर टाकली. मग यथासांग भडकला. गोंदाचा माल मुळ्याला घातला, गिरणीचं नाक कापलं, आणि मोठ्या साहेबांनी तो कल भरसभेत सांगितलाय त्याचं काय? स्टूल ताबडतोब सोड, म्हणाला. नाकोबाने मान डोलावली.

"आणि आता हुंगणार कोण?" मॅनेजरने छताला विचारलं.

"आणा इकडे," बायको म्हणाली.

फाटकाजवळ तिने पदर खोचला आणि एकेक मूठ नाकाशी नेली. "हे कच्चं. हे कुबट, ओल लागलीय. हे भाजलेलं, छान. हे करपलं, आमच्या दुधासारखं." पोती बाजूला ठेवली गेली. संध्याकाळी प्रयोगशाळेचा निकाल आला. तो तिच्याहून वेगळं काही सांगत नव्हता, फक्त उशिरा सांगत होता.

महिना संपायच्या आत निळ्या ठिपक्यांचा ट्रक प्लायवूडच्या कारखान्यात गेला आणि जावयाच्या कढया तापल्या. भाजीवाल्यांनी कुरकुर केली. पुढच्या अहवालात या भागात गोंदाने पुन्हा उचल खाल्ल्याची नोंद आली. कारण, लोकांना लाकडाची नव्याने लागलेली ओढ.

स्टुलावर आता बायको बसते. तिला कुणी टोपणनाव ठेवलेलं नाही; तशी छाती कुणाची झाली नाही. नाकोबाकडे सळई आणि रंगाचे डबे आहेत. तो पोत्यातून मूठ काढतो आणि सवयीने आधी स्वतःच्या नाकाशी नेतो, डोळे मिटतो.

"झालं का तुमचं?" ती म्हणते. "द्या."

तो मूठ पुढे करतो.

"निळा," ती म्हणते.

तो निळ्याचं झाकण उघडतो.