साडू आणि शिंतोडे

साडू गेले तो रविवार होता. चर्चमधली उपासना सुटली होती, मी चपला घालत होतो, आणि मेहुणीचा फोन आला.

नवी मुंबईत सबंध माणूस बुडेल एवढं पाणी कुठं कुठं आहे, हे माझ्या साडूंइतकं महापालिकेलाही ठाऊक नसेल. बाप्तिस्मा कळत्या वयात, आपण होऊन आणि पाण्याखाली पूर्ण जाऊनच घ्यायचा, असं त्यांचं मत होतं. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाळक पाणी लावतात त्याला ते ‘शिंतोडे’ म्हणत, आणि आमच्यासारख्या पिढीजात ख्रिस्ती घरांना ‘शिंतोड्याची माणसं’. त्यामुळे पाणी दिसलं की ते आधी खोली बघत. एका रिसेप्शनला सगळे आहेराच्या रांगेत असताना हे हॉलच्या दारातल्या कारंज्यात बाही सरसावून हात घालून बसले होते. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, “गुडघाभर हाय. बसून घेतलं तर हुईल.” वाशीच्या खाडीबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. तिथं पाप निघेल पण चिखल निघायचा नाही, असं ते म्हणत.

ते मूळचे साताऱ्याकडचे, जन्मानं ख्रिस्ती नव्हेत; वाशीच्या मार्केटात हमालांवरचे मुकादम. चाळिशीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो कोपरखैरण्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर, वरचा भाग करवतीनं कापलेल्या पाण्याच्या काळ्या टाकीत. साडूंचा देह मोठा आणि टाकी बेताची. पाळकांनी खांदे दाबले की गुडघे वर येत, गुडघे दाबले की खांदे. सोसायटीचे सेक्रेटरी पाणी संपवल्याबद्दल भांडायला म्हणून वर आले होते, ते टाकी हलू नये म्हणून धरून उभे राहिले. शेवटी आधी खालचे साडू बुडाले आणि मग वरचे. मी याला हप्त्यांचा बाप्तिस्मा म्हणत असे. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत.

ही हकिगत ते कुठंही सांगत: बारशाला, बँकेच्या रांगेत, दाढीला साबण लावलेला असताना न्हाव्याला. बाहेर आल्यावर पहिला श्वास घेतला आणि आपण कुणाचे आहोत ते कळलं, इथपर्यंत आले की माझी बायको डोळे पुसायची. ती त्या दिवशी गच्चीवर माझ्या शेजारीच उभी होती; सगळं तिनं पाहिलेलं होतं. तरी दर वेळी त्याच वाक्याला पदर डोळ्यांना. मी इतकी वर्षं तिला किती चांगलं चांगलं वाचून दाखवलं; तिला जांभई यायची. माझ्याजवळ ग्रंथांची दोन कपाटं होती, पण सांगायला एक श्वास नव्हता. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी दीड महिन्यांचा होतो आणि आई सांगायची त्याप्रमाणे झोपलेला होतो. साडूंचा मला हेवा वाटे. तो मी शास्त्रार्थात गुंडाळून बाहेर काढत असे.

मुलाला कामोठ्यात मुलगी झाली तेव्हा हे सगळं गमतीचं राहिलं नाही. तिला हातांवर घेऊन आमच्या चर्चमध्ये पुढं जायचं, एवढंच मी म्हातारपणाकडून मागितलं होतं. साडूंनी माझ्या मुलाला सांगितलं, पोरीला कळू द्या, तिची ती घेईल. मी बायबलमधला तुरुंगाचा अधिकारी काढला, ज्यानं घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला.

“त्या घरात तान्हं होतं हे तुमाला कुणी सांगितलं?” साडू म्हणाले.

“नव्हतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मुलगा कंटाळला. तुम्ही दोघं एकमत करून या, तोवर काही नाही, असं म्हणून तो मोकळा झाला. पोरगी रांगायला लागली, तरी आम्ही त्या तुरुंगाच्या दारातच.

मग एका संध्याकाळी साडू आमच्याकडे तिला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सहज विचारलं, तुमच्या वेळी काय झालं होतं? सांगण्यासारखं काही नाही, मी म्हणालो. झोपलो होतो. आईला चालवत नव्हतं, म्हणून मोठ्या काकांनी तिच्या लुगड्यात गुंडाळून मला चर्चपर्यंत नेलं. वाटेत बायका दारात येऊन तोंड बघत होत्या. एवढंच.

साडू बराच वेळ पोरीचे पाय दाबत राहिले.

“पाव्हणं, तुमाला उचलून नेलं,” ते म्हणाले. “मी चालत गेलो. आई समोरच्याच बिल्डिंगीत ऱ्हात होती. तिच्या खिडकीतनं टाकी दिसायची. तिनं खिडकी लावून घेतली.”

त्यांच्या हकिगतीत ही खिडकी कधीच नव्हती.

“न्या पोरीला. माझं मत हाय तेच हाय. पन न्या,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “उचलून मी घेऊ का?”

आजोबा मी होतो. पण त्या खिडकीनंतर नाही कसं म्हणायचं?

पुढच्याच रविवारी साडू इस्त्रीचा शर्ट घालून पोरीला घेऊन पुढं गेले. पोरगी माझ्याकडे रडत असे. त्यांच्या खांद्यावर ती गप्प पडून राहिली. पाळकांनी तिच्या कपाळाला पाणी लावलं. साडूंनी मान वाकवून नीट पाहिलं आणि पहिल्या चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या बायकोला विचारलं, “ताई, येवढंच?” पुढं सगळ्यांना सांगत राहिले की हे काही मोजायचं नाही, पोरगी मोठी झाली की नीट बुडवू. पण ती कशी गप्प राहिली, हेही ते न चुकता सांगायचे, आणि माझ्या बायकोला रडायला आणखी एक जागा मिळाली.

पोरगी आता शाळेत जाते. तिला तो दिवस आठवत नाही, साडूही धूसरच आठवतात. म्हणून ती मला सांगायला लावते, आणि मी सांगतो. त्यात तिला त्यांनी उचललेलं असतं आणि मी तिची शाल घेऊन मागून चालत असतो.