हवेच्या गाडीखालचा ठोकळा

आमचं घर म्हणजे भट्टीच्या मागं ठोकलेले पत्रे. शिरोलीच्या अलीकडं, हायवेच्या कडेला, आबा ट्रकचे पाटे बसवायचे. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. उसाच्या दिवसांत ट्रकवर इतका माल चढायचा की पाटे काड्यांसारखे तुटायचे, आणि ते चार महिने आमचे बरे जायचे. साखर कारखाने बंद झाले की भट्टी थंड आणि आमटी पातळ. भट्टीला वारा घालायचा पंखा आई हातानं फिरवायची. तिचा उजवा खांदा त्यातच गेला. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या, कारण माझ्या दप्तराला कोळशाचा वास यायचा. पावसाळ्यात तर कपडे वाळायचेच भट्टीवर.

तशात मी बी.एस्सी. झाले. फिजिक्स घेऊन. आमच्यात माझ्या आधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, बाप्यांनीसुद्धा नाही, आणि हे मी आजही न विचारता सांगते. निकालाच्या दिवशी आबांनी दारात उभ्या असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांना चहा पाजला.

एकजण म्हणाला, "मिस्त्री, पोरगी शिकली. आता पाटं कोन ठोकनार?"

"पाटं मीच ठोकतो की," आबा म्हणाले. "काय चुकतंय ते ती सांगंल."

आबा गमतीनं बोलले होते. मी ते खरं धरून चालले.

मला शिरोलीतल्याच एका फाउंड्रीत साच्यांची वाळू तपासायची नोकरी लागली. पांढरा कोट, काचेची भांडी, टेबलावर माझी स्वतःची वही. घरी आले की भट्टीचा धूर मला आधीपेक्षा जास्त लागायला लागला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवे ट्रक कंपनीच्या वर्कशॉपला जायला लागले होते आणि आबांचं काम आटत चाललं होतं. एका महिन्यात तर भट्टी दोनदाच पेटली. आबा नुसते कट्ट्यावर बसून रस्त्याकडं बघायचे.

अशात एका सोमवारी एक बसमालक आले. सोमवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून मी घरीच होते. त्यांच्या साध्या गाड्यांचे पाटे आबांनी वर्षानुवर्षं केलेले. आता त्यांनी मुंबईला जायला एक जुनी पण भारी आरामबस घेतली होती, आणि तिला पाटेच नव्हते. पाट्यांच्या जागी रबराचे जाड फुगे. त्यात हवा भरलेली, आणि त्या हवेवर अख्खी गाडी.

"मिस्त्री, रात्री सरळ लावतोय, सकाळी बघतोय तर डाव्या अंगाला बसल्याली. म्हशीगत," मालक म्हणाले. "पॅशिंजर इचारत्यात, गाडी आजारी हाय काय? पुण्याच्या वर्कशॉपला नंबर लागंना."

"मालक, ह्यात मी काय ठोकू?" आबा म्हणाले. "हवा काय भट्टीत तापवता येती व्हय?"

"तुमची पोरगी शिकल्याली हाय की. ह्ये बघा, पुस्तक बी आणलंय, नवा फुगा बी आणलाय. हे जमलं तर अशा आनि दोन गाड्या घ्यायचा इचार हाय. त्यांचं काम तुमच्याच दारात."

आबांनी माझ्याकडं बघितलं. नोकरीला लागल्यापासून त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

पुस्तक इंग्रजीत होतं. मी खुर्चीवर बसले, मालक स्टुलावर, आबा खाली उकिडवे. पहिली काही पानं नुसत्या चौकटींची होती, ठळक अक्षरात इशारे. मी ती उलटली. इशारे काय, कुकरच्या पुस्तकातही असतात. पुढं आकृत्या होत्या, दाब होता, व्हॉल्व्ह होता; ते माझं होतं. एकेक वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं. टाकीतून हवा येते, व्हॉल्व्ह गाडीची उंची मोजतो, कमी असली तर फुग्यात हवा सोडतो. मालक "आयला!" म्हणायचे आणि मला चढायचं.

आबांनी एवढंच विचारलं, "फुगा बदलायचा तर पाइप सोडाय लागनार. हवा गेल्यावर गाडी कशावर उभी ऱ्हाती?"

"टाकीत हवा असते आबा. इथली गेली की टाकीतली येते. आपोआप."

"मग ठोकळा नगो ठेवाय?"

"ठोकळा ठेवला तर उंचीचं माप चुकेल."

"पन बाळ, लोखंड हाय ते..."

"आबा, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. हे पाटे नाहीत."

मालक मोठ्यानं हसले. "मिस्त्री, आता तुमी हाताखालचं झाला की!" आबाही हसले. पायजम्याला हात पुसत उठले. दारात उभी असलेली आई मात्र हसली नाही.

साबणाचं पाणी फुग्यांवर मारायची युक्ती आबांचीच. ट्यूब पंक्चर काढतात तशी. डाव्या मागच्या फुग्याच्या घडीत बारीक बुडबुडे उठले. रोग सापडला. मग आबा लहान हातोडी घेऊन गाडीखाली गेले आणि उगीच इकडंतिकडं ठोकायला लागले. टक, टक, टक. आयुष्यभर पाटे वाजवून बघायची सवय. मला मालकांसमोर कसंतरीच झालं.

"आबा, ठोकू नका हो! तुटंल काहीतरी."

आवाज थांबला. ते बाहेर आले, भट्टीच्या मागं गेले, गाडीला पलीकडून वळसा घालून पुन्हा खाली शिरले. मी बघितलंसुद्धा नाही. मी मालकांना दाब वाढला की हवा कशी आकसते, तो बॉइलचा नियम सांगत होते.

थोड्या वेळानं खालून आवाज आला. "बाळ, सोडू?"

"सोडा," मी म्हणाले.

टाकीतली हवा आली नाही. फुग्यातली होती नव्हती ती एकदम सुटली, एवढ्या जोरात की धुळीचा लोट आमच्या तोंडावर आला. आणि ती एवढी मोठी बस श्वास सोडल्यासारखी खाली आली. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा दणका. मग काहीच नाही.

आबांचे पाय गाडीबाहेर दिसत होते. हलत नव्हते. मालक ओरडले, "मिस्त्री! ओ मिस्त्री!"

"काय न्हाय. काय न्हाय झालं," गाडीखालून आबा म्हणाले.

ते सरपटत बाहेर आले. डाव्या कानाची पाळी फाटली होती, रक्त मानेवर आलं होतं. मी वाकून खाली बघितलं. चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, बाभळीचा ठोकळा होता, त्यावर तीन तुटके पाटे एकावर एक रचलेले, आणि त्या पाट्यांवर बस टेकली होती. जमिनीत आणि बसमध्ये आबांच्या छातीएवढीच जागा उरली होती. ठोकळा नसता तर तीही उरली नसती.

मालकांनीही वाकून बघितलं. "हे कवा ठिवलं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "पोरीनंच सांगिटलं की. पुस्तकात लिवलंय म्हनं."

"शाब्बास ताई!" मालक म्हणाले. "शिक्षान म्हंत्यात ते ह्येला!"

आणि मी मान हलवली.

एवढंच केलं मी. एक शब्द बोलले नाही, नुसती मान हलवली. फाटक्या कानाचा माझा बाप समोर उभा, मी त्याला मारायला निघाले होते, आणि शाब्बासकी घेतली मी.

पुढचं काम आबांनी आपल्या पद्धतीनं केलं. जॅक लावून गाडी उचलली, दोन्ही बाजूंना ठोकळे घातले, राहिलेली हवा काढून टाकली, नवा फुगा बसवला. इंजिन चालू केल्यावर गाडी हळूहळू उठली. साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी गाडीला चारी बाजूंनी चक्कर मारली. म्हैस उठली होती.

सोमवारी आईनं आबांच्या कानाला हळद लावली. त्या रात्री जेवताना एवढंच बोलली, "आमटी वाढू, का पुस्तकात बघून सांगतीस?"

पुस्तक मालकांना परत देण्याआधी मी ती उलटलेली पानं वाचली. पहिल्याच पानावर, पहिल्याच चौकटीत होतं. कोणताही पाइप सोडण्यापूर्वी गाडी खुणा केलेल्या जागी टेकूवर घ्या. चौथीतलं पोरगंही वाचून सांगेल असं सोपं इंग्रजी.

मालकांना दम निघाला नाही. कागलपासून जयसिंगपूरपर्यंत त्यांनी ही गोष्ट सांगितली. पाटेवाल्याची पोरगी, बापाचा जीव वाचवला. फाउंड्रीत साहेबांनी बोलावून कौतुक केलं. मी म्हणायचे, "तसं काही नाही सर," आणि ते त्यांना विनय वाटायचं. लाज वाटायची, हो. पण ऐकायला बरंही वाटायचं, आणि ते बरं वाटणं मला आज जास्त खुपतं. आबांना कोणी कानाचं विचारलं की म्हणायचे, "गाडीनं मुका घेतला."

महिन्या-दीड महिन्यानंतर, पुन्हा सोमवारीच, मालक त्याच बसमधून एका माणसाला घेऊन आले. जयसिंगपूरचा गॅरेजवाला. त्याच्या गॅरेजसमोर अशीच एक बस येऊन उभी होती, वेगळ्या कंपनीची, आणि तिला पुस्तक नव्हतं.

"पावणं, हीच ती पोरगी," मालक म्हणाले. "इचारा काय ते."

त्या माणसानं खिशातून डायरी काढली, पेन्सिल ओली केली. "ताई, उद्या माजा भाऊ खाली जानार हाय. ठोकळा नेमका कुठं ठिवायचा? डिकीखाली चालतंय न्हवं? तितं सपाट हाय."

आबा भट्टीपाशी पाटा तापवत होते. ते थांबले.

मला माहीत नव्हतं. ठोकळा ठेवला तेव्हा मी बॉइलचा नियम सांगत होते. पुस्तकात खुणा केलेल्या जागी असं होतं, पण त्याच्याकडं ना ते पुस्तक ना ती गाडी. "व्हय, चालतंय" हे माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. त्याची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

आबा म्हणाले, "पुस्तकात कसं हाय पावणं, की..." मला वाचवायला पुन्हा पुढं झाले.

मी त्यांना मध्येच तोडलं. आयुष्यात दुसऱ्यांदा, परक्या माणसांसमोर.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी ठोकळा ठेवू नका म्हणाले होते. आबांनी मला न सांगता ठेवला. माझं ऐकलं असतं तर ते आज तुम्हाला दिसले नसते. डिकीखाली चालतं का ते त्यांना विचारा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, आबांच्या कानाकडं बघितलं. "मग त्या दिवशी मुंडी कशाला हलवलीस गं?"



आबांनी पाटा भट्टीतून काढून बाजूला ठेवला. "मालक, च्या घ्या. पावणं, तुमी हिकडं या. डिकीखाली ठिवला तर भाऊ गेला तुमचा. तितं नुसता पत्रा असतोय, आरपार जाईल." त्यांनी लहान हातोडी उचलली आणि त्याला घेऊन मालकांच्या बसखाली गेले. मग आतून हाक आली. "बाळ, तू बी ये."

मी पंजाबी ड्रेसवर जमिनीला पाठ टेकली आणि आत सरकले. वीस-बावीस वर्षं त्या दारात काढून पहिल्यांदाच गाडीखाली. आबांनी डिकीच्या तळावर ठोकलं. डबडब आवाज आला. पुढं ठोकत ठोकत गेले. डब, डब, डब, आणि एका जागी ठण्ण.

"जितं ठण्ण म्हनंल तितं ठिवायचा," ते म्हणाले, आणि हातोडी माझ्या हातात दिली. "वाजव."

मी वाजवलं. त्या दिवशी टक टक करून ते हेच शोधत होते, आणि मी त्यांना ठोकू नका म्हणून ओरडले होते.

बाहेर आल्यावर आबांनी सांगितलं आणि मी त्या माणसाच्या डायरीत मराठीत लिहून दिलं. हातोडीनं चासी शोधा. जॅकनं उचला. दोन्ही बाजूंना ठोकळा. मग हवा काढा. मगच पाइप सोडा. संध्याकाळी तेच मी पांढऱ्या रंगानं भट्टीमागच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. आबांनी ते अक्षर अक्षर लावत वाचलं आणि म्हणाले, "ठण्ण लिवलं न्हाईस." मग ते लिहिलं.

मालकांनी मला पुन्हा कधी शाब्बास म्हटलं नाही. काम मात्र आबांकडंच आणलं.

जयसिंगपूरची ती बस दुसऱ्या दिवशी ठोकळ्यावर घेऊन दुरुस्त झाली आणि त्या माणसाचा भाऊ सुखरूप बाहेर आला. आबांनी पुढं हात चालले तोवर आमच्या दारात हवेच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि त्यातली एकही कोणाच्या अंगावर आली नाही.