हिरव्या रंगाखालचा साग

वारसा जपणं हे सुसंस्कृत समाजाचं आद्य कर्तव्य आहे. आमच्या मंडळात ते रविवारी सकाळी आठ ते दहा पार पाडलं जाई, नंतर मिसळ.

तेव्हा डिजिटल कॅमेरे नवे होते, म्हणून जुन्या पनवेलचं भाग्य उजळलं. लाकडाची चौकट उभारून मधे विटा-मातीच्या भिंती भरलेली घरं आम्ही बघत हिंडायचो. मंडळाचे प्रमुख निवृत्त प्राध्यापक होते आणि मुलाकडे जर्मनीला जाऊन आले होते. "तिथं अशी घरं बघायला लोक लांबून येतात," असं ते प्रत्येक गटारापाशी थांबून सांगत.

एका घरात तळमजल्यावर पिको-फॉल करणारी एक म्हातारी भाडेकरू होती. एकटीच. घर पाडून हाती काहीच लागणार नाही, अशी मालकाची समजूत होती. त्या समजुतीवर ती चाळीस वर्षं राहत होती. खांबांना दर दिवाळीत ती स्वतः हिरवा ऑइलपेंट फासायची.

सरांनी किल्ली मागितली. मी माझी दिली. ते खांब खरवडू लागले.

"नका ओ सर," ती मशीनवरून उठली. "आतून किडलाय तो. हात लावू नका."

"मावशी, हा किडत नसतो. अस्सल ब्रह्मदेशी साग आहे."

"नाय हो, जंगली लाकूड हाय. माझ्या नवऱ्यानंच सांगितलेलं."

मालक आमच्यासाठी चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "सगळेच खांब का, सर?"

इतका नेमका प्रश्न सरांना कॉलेजातही कुणी विचारला नसावा. त्यांनी एकेक खांब खरवडून दाखवला. म्हातारी खाली बसली. आम्ही तिचा फोटो काढला. मागचा खांब छान आला.

पावसाळ्याआधी घर उतरवलं. म्हातारी कामोठ्याला भाचीच्या स्वयंपाकघरात झोपते, असं कळलं. मशीन तिथं मावलं नाही.

पुढल्या वर्षी मंडळाचा वर्धापनदिन पळस्प्याजवळच्या एका नव्या हॉटेलात झाला. हात धुवायच्या जागेपाशी सर एकदम थांबले. त्यांनी खांब ओळखला होता. "बघा," ते खांब थोपटत म्हणाले, "वारसा असा टिकतो."

माझ्या किल्लीच्या ओरखड्यावर खिळा ठोकून टॉवेल अडकवला होता. तो ओला होता.