सॅकमधून काढलेलं पाणी

आम्ही आटपाडीकडची माणसं. आमच्याकडे आंघोळीचं पाणीही झाडाला जातं. पश्चिमेकडचं जंगल मात्र आमच्या डोक्यात बारमाही ओलं होतं, कारण ते आम्ही फक्त पावसाळ्यात बघितलेलं. त्यामुळे कोयनेच्या बाजूला, डोंगरावर चार दिवस पाठीवरच्या सामानात जगायचं ठरलं तेव्हा, एप्रिल असूनही, पाण्याची काळजी कुणी केली नाही.

नवरा फौजेतून निवृत्त झालेला, धाकटा दीर सुट्टीवर आलेला. दोघांनी ओसरीवर सगळ्या सॅक उपसल्या. माझी जादा चादर गेली, एक पातेलं गेलं. औषधांना मी हात लावू दिला नाही. शेवटी पाण्याचा कॅन उरला.

"आवं, ह्यो तरी राहू द्या."

"वहिनी, नदीला जाताना कुणी घरनं पाणी नेतं व्हय?" दीर हसला.

नवऱ्यानं कॅन जास्वंदीला ओतला. प्रत्येकी एक बाटली ठेवली.

वर सपाट कातळाचं पठार. तिकडे त्याला सडा म्हणतात. तो तापला होता. ओढे लागत होते, पण त्यांत नुसते गोटे. दुसऱ्या दिवशी परत फिरलो, तेव्हा कळलं की नवरा स्वतः पीत नव्हता, आम्हालाच पाजत होता. दुपारी त्याला घाम यायचा थांबला आणि तो बरळू लागला.

करवंदीच्या जाळीच्या सावलीत त्याला निजवलं. मोबाईलला रेंज नव्हती. दीर खालच्या वाडीकडे पळाला. मी बाटलीच्या तळाचं पाणी फडक्यावर घेऊन त्याची मान पुसत राहिले. तोंडात घातलेलं बाहेर येत होतं. मधेच तो शुद्धीवर आला.

"पाणी हाय का गं?"

"हाय की."

"लय खोटं बोलतीस."

"भावजी आणायला गेल्यात."

"मग आदी त्यालाच पाज. पळून पळून मरंल येडं."

त्यानंतर तो बोलला नाही.

दीर वाडीतली माणसं आणि पाण्याच्या कळश्या घेऊन सड्यावर चढला, तोवर नवरा गेला होता. दीर धावतच येत होता. मी लांबूनच ओरडले, "सावकाश या. घाई करू नका."

तो तिथेच, तापल्या कातळावर बसला. मी उठून गेले, एका बाईच्या हातातली कळशी घेतली आणि त्याला ओंजळ करायला लावली. तो नको नको म्हणत होता. मी ओतत राहिले.