राजसुताराचा रंधा

बाबांचे डोळे अधू झाले आणि मोखाड्यातलं आमचं सुतारकाम थांबलं. पडवी रिकामी करताना फुटकीतुटकी हत्यारं मी भंगारवाल्याला दिली. आधी बाबांना विचारलं होतं. "जाऊ दे," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

पुढच्या वर्षी एका शनिवारी मी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जव्हारला गेले होते. परतताना पर्यटकांच्या गाड्या थांबतात तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात डोकावले. पितळी घंगाळांशेजारी काचेमागे बाबांचा रंधा होता. चिरेवरून ओळखला. तिसरीत असताना तो माझ्या हातून दगडी पायरीवर पडला होता. बाबांनी न ओरडता त्यावर लोखंडी पट्टी ठोकली होती. आता पट्टी गायब होती, चिरेत मेण भरलं होतं आणि सगळ्या लाकडाला काळं तेल चोपडलं होतं. समोर कार्ड: "राजसुताराचा रंधा. संस्थानकाळ. दीडशे वर्षं जुना."

ठाण्याचं एक जोडपं तो बघत होतं. दुकानदार सांगत होता, "ही चीर बघा. संस्थानच्या हत्तीचा पाय पडला होता यावर." बाईंनी चिरेवरून हळूच बोट फिरवलं.

मला राहवलं नाही. "हत्ती कुठला? माझ्या हातून पडला तो. माझ्या बाबांनी केलाय हा रंधा."

दुकानदार हसला. "ताई, तुमचं वय काय, ह्या वस्तूचं वय काय! पुरावा आहे का?"

"आहे. मोखाड्यात घरी बसलाय. उद्या घेऊन येते."

"आम्ही उद्या दुपारपर्यंत जव्हारलाच आहोत," ते गृहस्थ म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती.

घरी बाबांनी साफ नकार दिला. "इकलेली वस्तू ती. आपला काय हक्क?"

"वस्तू दिली, बाबा. तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर करायला नाही दिलं."

सकाळी उठून बघते तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसलेले, पिशवीत छोटी हातोडी.

जीपमधून उतरून आम्ही थेट दुकानात गेलो. ते जोडपं आलेलं होतं. बाबांनी रंधा हातात घेऊन चाचपला, नाकाशी नेला. "इंजिनाचं जुनं तेल," म्हणाले. मागच्या बाजूला हातोडीची एक टिचकी मारली, पाचर सुटली, पातं बाहेर आलं. "बाय, सायबांना दाखव," मला म्हणाले. पात्याच्या कडेला अर्धवट कापलेलं भोक होतं.

"घाटात ट्रक पडला होता. त्याच्या स्प्रिंगचा पाटा हा. मीच कापला."

"संस्थानाच्या सुताराकडे ट्रकचा पाटा?" गृहस्थांनी दुकानदाराला विचारलं.

"पातं नंतर बदललं असेल."

बाबांनी रंधा त्याच्यापुढे धरला. "मंग धरा बरं जरा."

दुकानदारानं उजव्या हातानं मूठ पकडली. बोटं मुठीवरच्या खाचांत बसेनात. त्यानं दोनदा हात फिरवून पाहिला. मग बाबांनी डावा हात लावला आणि एकेक बोट आपापल्या जागी गेलं. "मी डावरा. माझ्या हाताच्या मापानं केला."

बाई हसल्या. दुकानदार उसळला. "चला, बाहेर व्हा! माल माझा आहे!"

"माल तुमचाच," मी म्हटलं. "कार्ड खोटं आहे." पर्समधून पेन काढलं आणि कार्डाच्या पाठीवर लिहिलं: "मोखाड्याच्या सुतारानं स्वतः केलेला रंधा. पातं ट्रकच्या पाट्याचं. मुलीच्या हातून पडून चिरला."

त्यानं ते आमच्यासमोर टराटरा फाडलं. जोडपं काही न घेता निघून गेलं. जाताना गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हीच का नाही विकत घेत?" मी नाही म्हटलं. त्या माणसाच्या थापांचे पैसे मी भरणार नव्हते.

जीपमध्ये बसल्यावर बाबा म्हणाले, "लई आगाव झालीस." पण मोखाडा येईपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाला रंध्याची मूठ कशी घडवतात ते सांगत होते.

आता जव्हारला गेले की मी त्या दुकानात जातेच. गिऱ्हाईक असो नसो, एकेक कार्ड मोठ्यानं वाचते. वाकस, पटाशी, करवत, ज्याचं कार्ड खोटं वाटेल त्यावर तिथेच प्रश्न विचारते. दुकानदारानं एकदा धमकी दिली, एकदा चहा पुढे केला. चहा मी घेतला नाही. गेल्या महिन्यात हत्यारांच्या कपाटावर एकच कार्ड दिसलं: "जुनी हत्यारं." कुणीतरी विचारलं, किती जुनी? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माहीत नाही."